परेराबाईंची कंबर

आमच्या ऑफिसातलं हजेरीचं मशीन इतकी वर्षं गुडघ्याच्या उंचीवर होतं, ते गेल्या महिन्यात छातीपर्यंत वर आलं. हे काम माझ्या यादीत फार दिवस पडून होतं. त्याच्यापेक्षा तातडीचं काहीतरी नेहमीच निघायचं. गळकी टाकी, लिफ्टचं लायसन्स, कबुतरं. अखेर इलेक्ट्रिशियन आला, फरशीवर मांडी घालून बसला आणि त्यानं विचारलं, "मॅडम, हे इतकं खाली कोणी लावलं? इथं बालवाडी होती काय?"

"नाही," मी म्हटलं, "पुतळा होता."

स्क्रू फिरवता फिरवता तो थांबला. मी सांगायला सुरुवात केली. एक चहा झाला, दुसरा आला, तरी मी परेराबाई किती उंच होत्या इथपर्यंतच पोचले होते. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, मला पाचपाखाडीला जायचंय." तेव्हा ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढावं आणि यादीतून खोडावं.

आमची कंपनी बेकऱ्यांसाठी भट्ट्या बनवते. पाव, खारी, नानकटाई, ज्याला जशी हवी तशी. ऑफिस ठाण्यात, टेंभी नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कारखाना आंबिवलीला. मी ऑफिसची व्यवस्था बघते, म्हणजे खुर्च्यांपासून साबणापर्यंत जे कोणाचंच काम नसतं ते माझं. आणि रेजिना परेरा स्वागताच्या टेबलावर बसायच्या. फोन त्यांच्याकडे, आल्यागेल्याची विचारपूस त्यांच्याकडे.

त्या उंच होत्या आणि ताठ होत्या. नुसत्या उंच बायका बहुधा खांदे पाडून चालतात, लोकांची क्षमा मागितल्यासारख्या. परेराबाई तसं करत नसत. आमच्या रेकॉर्ड रूमची चौकट ठेंगणी आहे, तिथं सगळे मान खाली घालून जातात. त्या गुडघ्यात किंचित बसून, मान सरळ ठेवून आत जायच्या, जसं काही जमीनच त्यांच्यासाठी थोडी खाली गेली. स्टार्च केलेली सुती साडी, घट्ट अंबाडा, गळ्यात बारीक क्रूस. घर जुन्या ठाण्यातलं, चर्चजवळ, कित्येक पिढ्यांचं. घरात त्या आणि अंथरुणाला खिळलेला थोरला भाऊ. दोघांचं सगळं त्यांच्या नोकरीवर. ऑफिसात त्या शुद्ध मराठी बोलायच्या. संतापल्या की घरची बोली बाहेर यायची आणि मग शिपायांपासून अकाउंटंटपर्यंत सगळ्यांना अचानक काम आठवायचं.

त्या खोटं बोलत नसत. हे गुण म्हणून सांगायला सोपं आहे, टेलिफोन ऑपरेटरच्या बाबतीत ती अडचण असते. आमचे मालक रणदिवेसाहेब नवीन नवीन असताना त्यांना म्हणाले होते, "सप्लायरचा फोन आला तर मी नाही म्हणून सांगा." फोन आला. परेराबाई म्हणाल्या, "साहेब आहेत, पण मी नाही म्हणून सांगा असं म्हणालेत."

रणदिवेसाहेब केबिनमधून धावत बाहेर आले. "बाई! असं सांगतात का?"

"मग तुम्ही खरंच बाहेर जा ना साहेब. मी लगेच सांगते, बाहेर गेलेत म्हणून."

आणि तशी पद्धत पडली. नको असलेला फोन आला की परेराबाई रिसीव्हरवर हात ठेवून केबिनकडे बघायच्या. साहेब उठून जिन्यात जाऊन उभे राहायचे. परेराबाई सांगायच्या, "साहेब आत्ताच बाहेर पडले." मग साहेब परत यायचे. रणदिवेसाहेब बुटके आणि गोल. दिवसातून अनेकदा जिन्यात जाऊन आल्यानं त्यांची तब्येत मात्र चांगली राहिली. ते चिडले नाहीत याचं कारण धंद्याचं होतं. भट्टी गुरुवारी येईल असं परेराबाईंनी सांगितलं की पार कसाऱ्याचा बेकरीवाला बुधवारी जुनी भट्टी मोडून ठेवायचा.

मग सल्लागार आले.

धंदा थोडा बसला होता. साहेबांच्या कुठल्याशा मित्रानं हा सल्लागार गाठून दिला. तो अर्धा वास्तूचा आणि अर्धा मॅनेजमेंटचा होता. लिनेनचं जाकीट घालायचा आणि कुठल्याही खोलीत शिरला की आधी डोळे मिटायचा. आमच्या लॉबीत त्यानं डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं की या कंपनीत ऊर्जा येते पण थांबत नाही. तिला थांबायला केंद्र हवं. मालकाचा पुतळा. सोनेरी.

"जिवंत माणसाचा?" साहेबांनी विचारलं. हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. त्यांनी विचारलं होतं.

"जिवंत असतानाच तर उपयोग," सल्लागार म्हणाला.

शहाडच्या एका मूर्तिकारानं पुतळा केला. फायबरचा, असं त्यानं सांगितलं. घाई होती म्हणून त्यानं कुठल्याशा पुढाऱ्याच्या पुतळ्याचा तयार साचा घेतला आणि त्यावर साहेबांचं डोकं बसवलं. त्यामुळे जन्मभर टी-शर्ट घालणारे आमचे साहेब पुतळ्यात लांब कोट घालून उभे होते, प्रत्यक्षापेक्षा दीड हात उंच होते, आणि त्यांचा उजवा हात पुढे करून ते देशाला कुठेतरी नेत होते. लॉबीत जागा एकच होती, परेराबाईंच्या टेबलासमोर. तिथं उभं केल्यावर ते बोट नेमकं लेडीज टॉयलेटकडे जात होतं. नवीन कोणी बाई विचारायला आली की परेराबाई मान न वळवता म्हणायच्या, "साहेब दाखवतायत ना, तिकडं."

आता रोजचा कार्यक्रम असा. साडेनऊला स्पीकरवर धून लागायची. नवरात्रातल्या एका बँडकडून ती मुद्दाम वाजवून घेतली होती. तुतारी, सनई, बेंजो, ताशा, झांज. धून लागली की सगळ्यांनी लॉबीत रांग करायची, हात जोडायचे आणि कमरेत वाकायचं. धून थांबेपर्यंत खाली. यानं साखळी पूर्ण होते आणि ऊर्जा फिरते.

पहिल्या दिवशी धून लागली, आम्ही वाकलो. मी तर सहज वाकले. मला नमस्कार जड जात नाही, मी सकाळी मिक्सरलाही करते. खाली बघत असताना मला रांगेत सगळ्यांचे जोडे दिसले आणि शेवटी दोन पावलं दिसली, जी जरा वेगळ्या कोनात होती. परेराबाई उभ्या होत्या, हात बाजूला, नजर समोर. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो घेतला. "बोला. हो, आहेत सगळे, पण आत्ता वाकलेत. जरा वेळानं करा."

दुपारी डबा खाताना मी म्हटलं, "परेराबाई, नमस्कारच तर आहे."

"तू कर गं सुनीता. तुला कोणी नाही म्हटलेलं नाही. मला माझ्या देवानं म्हटलंय."

"पण तुम्ही तर चर्चमध्ये पुतळ्यांपुढं मेणबत्त्या लावता. मी पाहिलंय तुम्हाला, त्या कोपऱ्यातल्या संतापुढं गुडघे टेकलेलं."

हा प्रश्न ऑफिसातल्या सगळ्यांच्याच मनात होता. अकाउंट्सच्या टेबलावरचे डबे उघडे राहिले. परेराबाईंनी पोळीचा घास संपवला आणि तोंड पुसलं.

"तो संत मेलाय," त्या म्हणाल्या. "देवासाठी जगून मेला. त्याच्यापुढं मी बसते ते त्याच्याकडं बघून देव आठवावा म्हणून. आणि त्यानं कधी सांगितलं नाही मला, की साडेनऊला वाक. कधी बँड लावला नाही. बँड लावून वाकायला सांगतो तो वेगळा. त्याची गोष्ट आमच्याकडं आधीच लिहिलेली आहे."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. बाबिलोनचा राजा, त्याचा सोन्याचा भला थोरला पुतळा, आणि वाद्यं वाजली की सगळ्यांनी पालथं पडायचा हुकूम. न पडणाऱ्याला भट्टीत टाकायचं. तीन तरुण उभे राहिले. राजानं त्यांना पुन्हा एक संधी दिली. ते म्हणाले, आमचा देव आम्हाला वाचवेल. आणि नाही वाचवलं, तरी आम्ही वाकणार नाही.

"त्या राजाकडंही अशीच वाद्यांची यादी होती," परेराबाई डबा बंद करत म्हणाल्या. "आपल्याकडं बेंजो जास्तीचा."

सल्लागाराला मात्र कारण सापडलं होतं. बदलापूरची ऑर्डर हुकली, साखळी तुटलेली. उल्हासनगरच्या बेकरीवाल्यानं भट्टी परत पाठवली, साखळी तुटलेली. एका बाईची एक कंबर सबंध कंपनीला नडत होती. लोक आधी हसत होते, मग हसेनासे झाले. सेल्सचा कदम एकदा तोंडावर म्हणाला, "मॅडम, तुमच्या देवाला काय, आमची टार्गेट्स कोण भरणार?"

"तू भर रे," परेराबाई म्हणाल्या. "वाकून वाकून पाठ मोकळी झाली असेल ना आता."

मी व्यवहारी बाई आहे. मी तोडगा काढला. आमच्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर होते. मी परेराबाईंना म्हटलं, "कमरेचं सर्टिफिकेट आणू. वाकायला मनाई. तुम्ही उभ्या राहा, साहेबांचाही मान राहील, सल्लागाराचंही तोंड बंद. कोणाचं काही जात नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग म्हणाल्या, "आमच्या बायबलात काही पानं जास्तीची आहेत, माहीत आहे का तुला? बाकीच्या काही पंथांच्या बायबलात ती नाहीत. आमच्यात आहेत."

मी म्हटलं, "पुरवणी?"

"पुरवणी म्हण. त्यात एक म्हातारा आहे. त्याला राजाची माणसं निषिद्ध मांस खायला लावतात. त्याचे मित्र हळूच सांगतात, तुला चालतं ते मांस तू घरून आण, आम्ही ते ताटात ठेवतो, तू खाल्ल्यासारखं कर. अगदी तुझ्यासारखे होते, मदत करणारे."

"मग?"

"तो म्हणाला, या वयात नाटक शोभत नाही. पोरंटोरं बघतायत. त्यांना वाटेल म्हातारा शेवटी फिरला."

"मग सुटला का तो?"

"नाही गं. मारला त्याला."

एवढं सांगून त्या फोन घ्यायला गेल्या. पण माझा तोडगा ऑफिसात कोणीतरी आधीच फोडला होता. दुसऱ्या दिवशी साडेनऊला रणदिवेसाहेब स्वतः लॉबीत आले आणि अतिशय मायेनं म्हणाले, "परेराबाई, मला कळलं, तुमची कंबर दुखते. आधी सांगायचं! तुम्हाला सवलत आहे."

सुटल्या, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. कोणीतरी सुस्काराही सोडला.

"कोणाची कंबर?" परेराबाई म्हणाल्या. त्या टेबलामागून बाहेर आल्या, साहेबांकडे आडव्या उभ्या राहिल्या, साडीचा पदर खोचला आणि गुडघे न वाकवता पायांचे अंगठे धरले. वर आल्या. पुन्हा धरले. त्या वयाच्या बाईला हे जमतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा वर येऊन त्यांनी पदर सोडला.

"कंबर चांगली आहे साहेब. कमरेचं काही नाही. मी वाकत नाही."

सल्लागार म्हणाला, "आत्ता वाकल्याच की!"

"भिंतीकडं तोंड करून," परेराबाई म्हणाल्या. "भिंतीला विचारा, तिला काही ऊर्जा मिळाली का."

यानंतर हजेरीचं मशीन खाली आलं. कल्पना सल्लागाराची. पुतळ्याच्या पायाशी, चौथऱ्यावर, गुडघ्याच्या उंचीवर. अंगठा लावायचा तर वाकायलाच लागणार आणि समोर पुतळा. हजेरी नाही तर पगार नाही. बेत साधा आणि पक्का होता. मशीन बसवून घ्यायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. लेव्हल बरोबर धरली, एवढं मी म्हणू शकते.

सकाळी सगळे बघायला लवकर आले. कदम तर चक्क वेळेवर आला. परेराबाई आल्या. छत्री टेबलाला अडकवली, पुतळ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मग त्या पुतळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि पाठ ओळंब्यासारखी सरळ ठेवून, पाटावर बसावं तशा सावकाश खाली गेल्या. उजवा हात मागे नेला, चाचपत मशीन शोधलं, अंगठा दाबला. मशीन बोललं, "धन्यवाद." त्या तशाच सरळ वर आल्या.

हे रोज होऊ लागलं. साखळीच्या दृष्टीनं ही गोष्ट आधीपेक्षा कितीतरी वाईट होती. आधी बाई नुसत्या उभ्या असायच्या. आता मालकाच्या सोनेरी पुतळ्याला रोज सकाळ-संध्याकाळ ऑफिसातली सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी पाठ दाखवत होती, तीही जवळून. एकदा उसगावचा एक बेकरीवाला हे बघत उभा राहिला आणि मला हळूच म्हणाला, "तुमच्यात अशी पद्धत आहे काय? मीपण करू?"

गणपती झाले आणि परेराबाईंची आंबिवलीला बदली झाली. ऑफिसात फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज बसवला, जो सगळ्यांना सगळं खोटं सांगायचा आणि मध्येच बासरी वाजवायचा. आंबिवलीत त्यांचं काम होतं चाचणी विभागात, पत्र्याच्या शेडमध्ये. तयार झालेल्या भट्ट्या तिथं रांगेनं पेटवून बघतात. अर्ध्या अर्ध्या तासानं त्यांचं तापमान टिपायचं. हे काम मशीन आपोआप करत होतं. बाईंनी कंटाळून राजीनामा द्यावा एवढाच हेतू होता, आणि तो कोणी फारसा लपवलाही नव्हता.

तिथले भोईर मेस्त्री मला फोनवर म्हणाले, "मॅडम, ही बाय कोन पाठवली तुमी? हितं आमी बनियनवर बसताव. ही साडीला इस्त्री करून येते. आन गाते."

मी तपासायला गेले. परेराबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, दोन पेटत्या भट्ट्यांच्या मधोमध, कपाळावर घाम, आणि खरंच गात होत्या. मला बघून थांबल्या. "ये गं. बस. जास्तीची पानं म्हटलं होतं ना, त्यातलंच आहे. त्या तिघांना भट्टीत टाकलं, तर त्यांनी आत काय केलं माहीत आहे? यादी केली."

"कसली यादी?"

"देवाची स्तुती कोणी कोणी करायची त्याची. सूर्यानं, चंद्रानं, आगीनं, थंडीनं, दंवानं, बर्फानं, डोंगरांनी, झऱ्यांनी, माशांनी, गुरांनी. कोणी सोडलेलं नाही. सुटका व्हायच्या आधी, आत उभं राहून. तुला आवडेल, पाठ कर."

मला आवडली, हे मान्य करते. चांगली यादी होती. आधी आकाश, मग हवामान, मग जमीन, मग पाणी, शेवटी माणसं. शेडमधली पोरंही ऐकत होती. दुपारी सगळ्यात जास्त तापलं की भोईर म्हणायचे, "बाय, ते बर्फाचं म्हना जरा." मग परेराबाई दंव, गारा, थंडी, बर्फ एवढाच भाग पुन्हा पुन्हा गायच्या, आणि पोरं पत्र्याकडे तोंड करून डोळे मिटून बसायची. पुढं पोरांनी त्यात भर घातली. कलिंगड, ताडगोळे, कुल्फी. कुल्फी त्यांनी मंजूर केली. थंड बिअर नामंजूर.

"वैतागला नाहीत?" मी निघताना विचारलं.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आवाज खाली आणला. "भावाचं औषधपाणी आहे गो. मना काय ही हौस नाय. रोज सकाळी येताना वाटते, आज सोडून द्यावा. पण सोडला म्हणजे त्यांनीच मला वाकवली असं होईल ना? मी आपली आपण उभी आहे." मग घड्याळ बघून त्यांनी दोन नंबरच्या भट्टीचं तापमान टिपलं, कोणी वाचणार नव्हतं तरी.

दसऱ्याला आंबिवलीत यंत्रांची पूजा असते. झेंडू, आपट्याची पानं, पेढे. त्या वर्षी सल्लागारानं ठरवलं की पुतळाही तिथं न्यायचा. सगळी कंपनी एकत्र, सगळ्यांसमोर एकदा साखळी पूर्ण करायची. परेराबाई वाकल्या तर झालं गेलं विसरायचं, टेबल परत. नाही वाकल्या तर राजीनामा, त्याच दिवशी. टाइप केलेला कागद माझ्या फाइलमध्ये होता, फक्त सही राहिली होती. मी त्यांना आदल्या दिवशी फोन करून हे सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "पेढे नेहमीच्याच दुकानातले आण. मागच्या वर्षीचे आंबट होते."

पुतळा टेम्पोतून आला तो रस्त्यातल्या खड्ड्यांनी जागोजागी सोलवटून. भोईरांनी संध्याकाळी त्याला नवा सोनेरी रंग मारला. सकाळी बघतो तर रंग ओलाच. साहेब कल्याणपर्यंत पोचले होते. सल्लागार म्हणाला, "भट्ट्यांची कंपनी आपली, आणि रंग वाळत नाही म्हणता?"

आमच्याकडे उभ्या भट्ट्या असतात. पावाचे ट्रे लावलेली माणसाहून उंच ट्रॉली सबंध आत जाते. ट्रे काढले, पुतळा ट्रॉलीवर उभा करून आत ढकलला. भोईरांनी दोनदा विचारलं, "सायब, आत भरलंय काय याच्या?" सल्लागार म्हणाला, "फायबर. मंद आचेवर ठेवा." भोईरांनी नानकटाईच्याही खाली आच ठेवली. दाराची काच मी स्वतः झेंडूच्या माळांनी झाकून टाकली. दार उघडून पुतळा प्रकट होईल आणि त्याच क्षणी धून लागेल, असं सल्लागारानं बसवलं होतं.

साहेब आले. जिलेबीच्या रंगाचा नवा कुर्ता. सगळे रांगेत. परेराबाई शेवटी, इस्त्रीची साडी, हात बाजूला. माझ्याकडे फाइल. सल्लागारानं डोळे मिटले, उघडले आणि खूण केली. धून सुरू झाली. भोईरांनी दार ओढलं.

इतक्या महिन्यांची सवय. तुतारी ऐकली आणि आम्ही सगळे वाकलो, सल्लागारासकट. समोर काय आहे हे कोणी बघितलंच नाही. मीही वाकले होते, पण ऑफिसात जळका वास आला तर बघणं माझंच काम असतं, म्हणून मी तशीच मान वर केली.

मूर्तिकारानं आम्हाला फसवलं होतं. वर फायबरचा पातळ पापुद्रा आणि आत थर्मोकोल. आतलं आक्रसलं, वरचं मऊ पडलं, आणि पुतळा कमरेतून खाली आला होता. तोल मात्र गेला नव्हता. डोकं गुडघ्यांच्या दिशेनं, देशाला नेणारा हात आता जमिनीकडे. चेहऱ्यावर तेच प्रसन्न हसू. सोन्यासारखा चकाकत, आमच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला होता.

धून वाजत होती. सबंध शेडमध्ये दोनच माणसं सरळ उभी होती. एक परेराबाई. दुसरे रणदिवेसाहेब, कारण स्वतःपुढं वाकायचं की नाही हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या वाकलेल्या पाठींवरून ते दोघं एकमेकांकडे बघत होते.

"परेराबाई," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हे काय झालं?"

कोणाचा फोन आहे हे सांगावं तशा स्वरात त्या म्हणाल्या, "रंग चांगला वाळलाय साहेब. पण तुम्ही वाकलात."

एकेक करून सगळे वर आले. बेंजो वाजतच होता. कोणी हसलं नाही, म्हणजे हसायचं की नाही हे साहेबांकडे बघून ठरवणार होते. सल्लागारानं स्वतःला सावरलं. "हे शुभ आहे सर. ही विनम्र ऊर्जा. फार क्वचित—"

"तुम्ही जरा जिन्यात जाऊन उभे राहा," साहेब म्हणाले.

"इथं जिना नाहीये सर."

"मग बाहेर."

तो बाहेर गेला आणि पुढं कधी आत आला नाही. परेराबाई तोवर भट्टीपाशी पोचल्या होत्या. "भोईर, आधी ओढा त्यांना बाहेर, पडतील तोंडावर," असं म्हणत त्यांनी पदर हाताला गुंडाळला आणि पुतळ्याच्या खांद्याखाली आधार दिला. ट्रॉली बाहेर आली. साहेब माझ्याकडे आले, फाइल उघडली, राजीनाम्याचा कागद काढला. त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती फडक्यासारखी हातात धरून भट्टीच्या दाराचं तापलेलं हँडल लोटलं. कागद करपला. तो त्यांनी खिशात टाकला आणि पेढे कुठे आहेत म्हणून विचारलं.

यानंतर सगळं ठाकठीक झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं नाही. धून बंद झाली, पण बंद केल्याची सूचना निघाली नाही. परेराबाईंचं बरोबर होतं असं कोणी कधी म्हणालं नाही. त्यांच्या टेबलावर बासरीवाला आवाज बसला होता, तो तसाच राहिला, कारण त्याचा करार झाला होता. त्या आंबिवलीतच राहिल्या, भट्ट्यांच्या मधे, आणि तिथूनच निवृत्त झाल्या. मी एकदा म्हटलं, "हा काही न्याय नाही." त्या म्हणाल्या, "नाही वाचवलं तरी, असं म्हटलं होतं ना त्यांनी? ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. सगळे नेमके तेच विसरतात." पुतळा शेडच्या कोपऱ्यात उभा होता, तसाच वाकलेला. फेकून द्यायला कोणाची छाती होत नव्हती. परेराबाई त्याच्या बोटाला छत्री अडकवायच्या.

निरोपाचा समारंभ शेडमध्येच झाला. शाल, श्रीफळ, वडे, दोन भाषणं. भोईर आणि पोरांनी यादी म्हटली, कुल्फीसकट. रणदिवेसाहेब मुद्दाम आले होते. आता ते थकले होते आणि आणखी बुटके वाटत होते. मी ताटातली शाल त्यांच्या हातात दिली आणि तेव्हाच मला दिसलं की मी एक गोष्ट यादीत घेतलीच नव्हती.

साहेबांनी शाल उचलली. टाचा वर केल्या. हात परेराबाईंच्या खांद्यापर्यंतच पोचले, शाल डोक्यावरून मागे जाईना. पुन्हा प्रयत्न केला. कोणीतरी वड्याचा घास तसाच तोंडात ठेवला. समोर पाट नाही, स्टूल नाही. परेराबाई सरळ उभ्या. प्रत्येकाला काय आठवत होतं हे प्रत्येकाला कळत होतं, आणि साहेबांना सर्वांत जास्त.

त्यांनी हात खाली घेतले. मान वर करून म्हणाले, "बाई, मला पोचत नाही हो. जरा वाकता का?"

"मग हे आधी नाही का सांगायचं," परेराबाई म्हणाल्या आणि वाकल्या. थोड्याथोडक्या नाहीत. पूर्ण कमरेतून, अंबाडा साहेबांच्या छातीपाशी येईपर्यंत.

साहेब शाल धरून उभेच राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि हातात शाल असल्यामुळे ते पुसता येत नव्हते.

खालून आवाज आला, "घाला साहेब लवकर. कंबर चांगली आहे, पण आता अठ्ठावन्नची आहे."

मग त्यांनी घातली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, त्यात साहेबांचे डोळे मिटलेले आहेत. परेराबाईंनी सगळ्यांना वडे पोचले का बघितलं, दोन नंबरच्या भट्टीचं तापमान शेवटचं टिपलं आणि जायला निघाल्या. कोपऱ्यात पुतळ्याच्या बोटावरून छत्री काढून घेतली. शेडच्या मोठ्या शटरमध्ये एक ठेंगणं दार आहे, सगळे तिथून मान खाली घालून बाहेर पडतात. अंगावर नवी शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात छत्री, अशा त्या दाराशी थांबल्या, गुडघ्यांत किंचित बसल्या, आणि मान सरळ ठेवून बाहेर उन्हात गेल्या.